जपानी कराओके: शीर्षकाच्या पहिल्या अक्षरावरून गाणे कसे शोधावे आणि कसे निवडावे

जपानमध्ये कार्यालयातील मेजवानी आटोपली की 'निजिकाइ', म्हणजे दुसरी बैठक, अनेकदा कराओकेच्या खोलीत भरते. खोलीतल्या टेबलावर जाडसर टॅबलेटसारखे एक यंत्र ठेवलेले असते. ते हातोहात फिरते. ज्याच्याकडे येईल त्याने आपले गाणे शोधून नोंदवायचे आणि यंत्र शेजारच्याकडे द्यायचे. येथे नवखा मराठी माणूस अडतो तो आवाजामुळे नव्हे. गाणे त्याला पाठ असते, चालही पक्की बसलेली असते. परंतु त्या गाण्याचे नाव कोणत्या अक्षरापासून सुरू होते, हे त्याला यंत्राला सांगता येत नाही. त्याने ते नाव रोमन लिपीत वाचलेले असते, जपानी सहकारी ते कांजी, म्हणजे चिनी मूळच्या अर्थवाचक, चिन्हांत लिहून दाखवतो, आणि यंत्राला या दोहोंपैकी काहीच नको असते. त्याला हवा असतो उच्चार. हा लेख त्या उच्चाराच्या पहिल्या अक्षरापर्यंत कसे पोहोचावे, आणि तेथे पोहोचल्यावर त्याच अक्षराच्या आधाराने आपली गाणी कशी निवडावीत व जमवावीत, यासाठी आहे. देवनागरीत लिहिणाऱ्याला हे काम रोमन लिपीतून शिकणाऱ्यापेक्षा सोपे जाते, हे मी अनुभवाने सांगतो. कोठे ते अवघड जाते, तेही पुढे येईलच.

यंत्र अक्षर का मागते

कराओकेच्या आरंभीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. 1971 साली कोबे शहरात इनोउए दाइसुके यांनी संगीताच्या फिती वाजवणारे यंत्र मद्यालयांना भाड्याने देण्यास सुरुवात केली, तेव्हा गाणी मोजकीच असत. पुढे गाणी वाढत गेली, 1992 पासून ती तारेवरून थेट खोलीत पोहोचवणारी 'त्सुशिन कराओके' ही पद्धत आली, आणि गाण्यांच्या याद्या टेलिफोनच्या डिरेक्टरीसारख्या जाड झाल्या. त्या याद्या एकदा गाण्याच्या नावाने आणि एकदा गायकाच्या नावाने, अशा दोन प्रकारे लावलेल्या असत. गाणे सापडले की त्यापुढचा क्रमांक रिमोटवर दाबायचा. आजच्या यंत्राला लोक सरसकट 'देन्मोकु' म्हणतात. हे नाव मुळात 'डॅम' या यंत्रांच्या कंपनीचे आहे आणि 'देन्शी मोकुजी', म्हणजे इलेक्ट्रॉनिक अनुक्रमणिका, याचा तो संक्षेप आहे. 'जॉयसाउंड'च्या यंत्राला 'क्योकुनाबी' म्हणतात. नावे वेगळी असली तरी दोन्ही यंत्रे त्या जाड पुस्तकांचाच वारसा चालवतात: गाण्याचे नाव, गायकाचे नाव, आणि दोन्हींसाठी पडद्यावर मांडलेली जपानी अक्षरे.

पहिली पायरी: अक्षरांचा क्रम आपल्या वर्णमालेवरून पाठ करावा

जपानी अक्षरांच्या तक्त्याला 'गोजूओन', म्हणजे पन्नास ध्वनी, असे म्हणतात. प्रत्यक्षात आज त्यातील 46 अक्षरे वापरात आहेत. स्वरांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ असा आहे, आणि ओळी आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा येतात. हा क्रम मराठी वाचकाला ओळखीचा वाटला पाहिजे, कारण तो आपल्याकडूनच गेलेला आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांचे उच्चार शिकण्यासाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास करीत, आणि त्या अभ्यासातून जपानी ध्वनींची मांडणी संस्कृत वर्णमालेच्या धर्तीवर झाली. अशा मांडणीचे अकराव्या शतकातले नमुने उपलब्ध आहेत.

आपला क्रम मनात म्हणून पाहावा: क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग आणि त्याच्या शेवटी न, प-वर्ग आणि त्याच्या शेवटी म, मग य, र, व. जपानी तक्त्यात च-वर्गाच्या जागी सा आहे आणि प-वर्गाच्या जागी हा आहे. असे का, याचे उत्तर अभ्यासक देतात: प्राचीन जपानीत आजच्या सा ओळीचा उच्चार च-त्सच्या जवळचा होता आणि हा ओळीचा उच्चार पा असा होता. म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व एवढे आठवले, आणि च ऐवजी सा व प ऐवजी हा म्हटले, की संपूर्ण तक्ता हाती येतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा क्रम घोकावा लागतो. आपल्याला तो फक्त आठवावा लागतो.

काही घरांत उच्चार थोडे सरकलेले आहेत. सा ओळ सा, शि, सु, से, सो अशी चालते; ता ओळ ता, चि, त्सु, ते, तो अशी; आणि हा ओळ हा, हि, फु, हे, हो अशी. रोमन लिपीत शिकणारा माणूस शि, चि, त्सु, फु ही जणू चार निराळी व्यंजने आहेत असे समजून गोंधळतो. मराठी माणसाने मात्र 'चिंच' आणि 'चूल' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. अक्षर एकच च, पण इकारापुढे त्याचा उच्चार एक आणि उकारापुढे दुसरा. जपानी चि आणि त्सु हे नेमके हेच दोन उच्चार आहेत, आणि दोन्ही ता ओळीतच राहतात. 'त्सु' म्हणताना अडखळणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मी नेहमी 'चूल' म्हणायला सांगतो आणि मग शेवटचा ल काढून टाकायला सांगतो.

पडद्यावर हा तक्ता उभ्या स्तंभांत मांडलेला असतो. जपानी उभे लेखन उजवीकडून डावीकडे जात असल्यामुळे काही पडद्यांवर आ चा स्तंभ उजव्या टोकाला असतो, तर काहींवर डाव्या. यंत्र हातात आल्यावर सर्वप्रथम आ कोठे आहे ते पाहावे; मग बाकीची अक्षरे डोळ्यांना आपोआप सापडू लागतात.

दुसरी पायरी: घोष अक्षरे त्यांच्या मूळ घरी न्यावीत

ग ला स्वतंत्र ओळ नाही. ती का ओळीतच दोन लहान तिरप्या रेघांची खूण लावून लिहितात. त्याचप्रमाणे सा ओळीतून झा, जि, झु, झे, झो, ता ओळीतून दा, दे, दो आणि हा ओळीतून बा निघते. पा देखील हा ओळीतच बसते, फक्त तिथे खूण लहान वर्तुळाची असते. म्हणून 1976 सालचे 'पेप्पा केइबु' हे गाणे हे च्या घरात, आणि 1995 सालचे 'झान्कोकु ना तेन्शी नो तेझे' सा च्या घरात शोधावे लागते. यंत्रावर आधी मूळ अक्षर दाबून नंतर खूण दाबायची, एवढीच सवय लावून घ्यावी. खूण विसरली तर आपण वेगळ्याच शब्दाच्या मागे लागतो.

तिसरी पायरी: नाव लिहिलेले पाहू नये, वाचलेले ऐकावे

सर्वांत जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

तांबड्या रंगाचे एक कांजी चिन्ह घेऊ. ते एकटे शीर्षकात आले तर, 1989 सालच्या प्रसिद्ध रॉक गाण्याप्रमाणे, 'कुरेनाइ' असे वाचतात. त्याच चिन्हापुढे कमळाची दोन चिन्हे आली की 2019 सालचे 'गुरेंगे' होते. आणि त्याच चिन्हापुढे पानाचे चिन्ह आले की 1911 सालच्या शालेय गीताचे नाव 'मोमिजी' होते. एकाच चिन्हाने सुरू होणारी तीन शीर्षके, आणि पहिली अक्षरे कु, गु आणि मो. पांढऱ्या रंगाच्या चिन्हाचेही तसेच: 2019 सालचे 'हाकुजित्सु' हा मध्ये आहे, तर 2001 सालचे 'शिरोइ कोइबितोताची' शि मध्ये. चिन्ह ओळखता येणे म्हणजे अक्षर कळणे नव्हे. शिवाय गीतकार कधी कधी लिहितात एक आणि वाचायला लावतात दुसरेच. विश्व या अर्थाची चिन्हे लिहून ती 'सोरा', म्हणजे आकाश, अशी गाण्याची पद्धत तर फार रूढ आहे.

आकड्यांनी सुरू होणारी शीर्षकेही उच्चारानेच लावलेली असतात. 2004 सालच्या एका गाण्याचे नाव मार्च महिन्याची नववी तारीख असे आहे. ते 'सान्गात्सु कोकोनोका' असे वाचतात, म्हणून ते सा मध्ये. 1997 सालचे एक गाणे एक तृतीयांश या अपूर्णांकाने सुरू होते, आणि जपानीत अपूर्णांकाचा छेद आधी वाचतात, त्यामुळे 'सान्बुन नो इचि' असे होऊन तेही सा मध्येच जाते. लिहिलेले एक पाहून त्याचा 'इचि' इ मध्ये शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

रोमन लिपीत छापलेली शीर्षके जपानी तोंडात जशी उच्चारली जातात तशी धरावीत. 'फर्स्ट लव्ह' फु मध्ये आहे, कारण फ हा ध्वनी फु ला लहान आ जोडून लिहितात. 'प्रिटेंडर' हे 'पुरितेंदा' होते, म्हणून तेही फु च्याच घरात, पण वर्तुळाच्या खुणेसह. ल आणि र यांत जपानी भेद करीत नाही, त्यामुळे 'लेमन' हे रे मध्ये.

आणखी एक सापळा परदेशी नावांचा आहे. 1961 साली साकामोतो क्यू यांनी गायिलेले गाणे 1963 साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, पण तेथे त्याला 'सुकियाकी' हे एका पदार्थाचे नाव दिले होते. त्याचे खरे नाव 'उए ओ मुइते आरुको' असे आहे आणि ते उ मध्ये सापडते. ॲनिमेची गाणी आपण अनेकदा इंग्रजी नावांनी ओळखतो. ती नावे कराओकेच्या दारापाशीच सोडून यावीत.

खरे वाचन कसे शोधावे, याचा माझा भरवशाचा उपाय असा की जपानी विकिपीडियावरील गाण्याचे पान उघडावे. अवघड शीर्षकाचे वाचन तेथे पहिल्याच ओळीत कंसामध्ये हिरागाना, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या जपानी, अक्षरांत दिलेले असते. ते लगेच देवनागरीत उतरवून घ्यावे.

चौथी पायरी: दीर्घ स्वर मोजावेत

आता देवनागरी कोठे दगा देते ते सांगतो. मराठीत ओ आणि ए यांना ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. जपानीत तो आहे, आणि लांबवलेल्या स्वरासाठी एक जादा अक्षर लिहावे लागते. 2019 सालचे अत्तराविषयीचे गाणे मी वहीत 'कोसुइ' असे लिहून ठेवले होते. एका शुक्रवारी यंत्र माझ्याकडे आले तेव्हा मी को, सु, इ अशी तीन अक्षरे दाबली. यादीत ते गाणे नव्हते. मी पुन्हा तेच केले, पुन्हा तेच झाले, आणि आठ माणसे शांतपणे थांबलेली असताना मी यंत्र पुढे देऊन टाकले. त्या गाण्याचे नाव को, उ, सु, इ असे चार अक्षरी आहे. पहिले अक्षर बरोबर होते; दुसऱ्याने मला वाट चुकवली.

तेव्हापासून मी वहीत प्रत्येक अक्षर सुटे लिहितो: को-उ-सु-इ. चिनी मुळाच्या शब्दांत लांब ओ बहुधा ओ-उ असा आणि लांब ए बहुधा ए-इ असा लिहितात, हा नियम बहुतेक वेळा पुरतो. मूळ जपानी शब्दांत क्वचित ओ-ओ येते, आणि काताकाना या परकीय शब्दांसाठीच्या लिपीतील शब्दांत स्वर लांबवण्यासाठी एक आडवी रेघ असते, तिची कळ यंत्रावर वेगळी दिलेली असते. टाळ्या वाजवत सुटी अक्षरे म्हणून पाहिली की लांबी कानाला कळते: को वर एक टाळी, उ वर एक, सु वर एक, इ वर एक. जपानी माणूस अक्षरे मोजतो ती अशीच.

पाचवी पायरी: यादी लहान करावी

नुसते पहिले अक्षर दाबले तर यादी न संपणारी येते. पूर्ण नाव टाइप करत बसले तर शब्दाच्या मध्ये चूक होण्याचा संभव वाढतो. तीन किंवा चार अक्षरे पुरेशी असतात. 'उए ओ मुइते आरुको' साठी उ, ए, वो, मु दाबावे आणि यादी पाहावी; येथला ओ वा ओळीतल्या वो या अक्षराने लिहितात.

यादीत एकाच नावाची अनेक गाणी आली तर गोंधळू नये. 'साकुरा' हे त्याचे ठळक उदाहरण आहे. एकट्या 2003 ते 2006 या काळात या नावाची किमान चार गाजलेली गाणी वेगवेगळ्या कलाकारांची आली, कोणी ते हिरागानात लिहिले, कोणी कांजीत, कोणी रोमन लिपीत, आणि उच्चाराच्या यादीत ती सर्व शेजारी शेजारी बसतात. अशा वेळी गायकाचे नाव पाहणे अटळ आहे. गायकाच्या नावाने शोधताना आडनाव आधी येते हे ध्यानात ठेवावे: योनेझु केन्शी यो मध्ये, उतादा हिकारु उ मध्ये. ज्या गटाला सगळे प्रेमाने 'हिगेदान' म्हणतात, त्याचे पूर्ण नाव 'ऑफिशियल' या शब्दाने सुरू होत असल्यामुळे तो ओ मध्ये असतो, हि मध्ये नव्हे.

सहावी पायरी: स्वतःची अक्षरवार वही करावी

येथपर्यंत गाणे ठरलेले होते आणि अक्षर शोधायचे होते. आता उलट करावे: अक्षर घ्यावे आणि त्यासाठी गाणे शोधावे. माझ्या मते कराओकेची तयारी करण्याचा हा सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण आवडत्या गायकाच्या मागे गेल्यास आपण एकाच तऱ्हेची दहा गाणी शिकतो, आणि अक्षराच्या मागे गेल्यास जुनी, नवी, सावकाश, जलद, सर्व तऱ्हेची गाणी आपोआप जमतात.

वहीत प्रत्येक अक्षराला अर्धे पान द्यावे. गाण्यापुढे सुटे लिहिलेले वाचन, गायकाचे नाव, आणि आपल्याला मानवणारी पट्टी लिहावी. यंत्र पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर-खाली करू देते. स्त्री-आवाजातले गाणे पुरुषाने गाताना मूळ पट्टीपासून किती उतरायचे, हा आकडा एकदा घरी किंवा 'हितोकारा'त, म्हणजे एकट्याने केलेल्या कराओकेत, ठरवून लिहून ठेवला की मंडळींसमोर चाचपडावे लागत नाही.

आ, का आणि सा या ओळी लवकर भरतात. जपानी शब्दकोशाचा निम्मा भाग या तीन ओळींनीच व्यापलेला असतो. त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून करू नये. कठीण ओळ रा ची आहे. मूळचे जपानी शब्द र ने सुरू होत नसत; या ओळीत जे आहे ते चिनी किंवा पाश्चात्त्य भाषांतून आलेले आहे. म्हणूनच ती भरताना जपानी गाण्यांची निराळीच बाजू दिसते. रा साठी 1991 सालचे 'राबु सुतोरी वा तोत्सुझेन नि', रि साठी 1987 सालचे 'रिंदा रिंदा', रु साठी 1981 सालचे 'रुबी नो युबिवा', रे साठी 2018 सालचे 'रेमोन', आणि रो साठी 1995 सालचे 'रोबिन्सोन'. पाच गाणी, जवळजवळ चार दशकांतली, आणि पाचही आजही खोलीत कोणीतरी ओळखतोच. यांतील 'रुबी नो युबिवा' खालच्या आवाजात, बोलल्यासारखे गायचे असते, तर 'रिंदा रिंदा' उड्या मारत ओरडायचे. नवशिक्याने रि पासून सुरुवात करावी, कारण ध्रुवपदात तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात.

नु हे घर मात्र शेवटपर्यंत रिकामे राहिले तरी वाईट वाटून घेऊ नये.

सातवी पायरी: मंडळींबरोबर अक्षरांचे डाव

जपानी मित्रमंडळी एखादी अट घालून गाण्याला 'शिबारी', म्हणजे बांधणी, म्हणतात. त्यातली एक अट पन्नास ध्वनींची: पहिल्याने आ चे गाणे म्हणायचे, दुसऱ्याने इ चे, असे वा पर्यंत जायचे. वो आणि न् ही दोन अक्षरे सोडून दिली की 44 गाणी होतात. एका गाण्याला चार-पाच मिनिटे धरली तर तीन तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून हा डाव 'फ्री टाइम', म्हणजे एकाच ठरावीक दरात खोली बराच वेळ, घेतलेल्या दिवशीच मांडावा. घोष अक्षर मूळ अक्षराच्या जागी चालेल का, हे आरंभीच ठरवून घ्यावे. बहुतेक ठिकाणी चालते.

दुसरा डाव 'शिरितोरी'चा, म्हणजे आपल्या अंताक्षरीच्या जवळचा. फरक असा की येथे गाण्याचे नाही, शीर्षकाचे शेवटचे अक्षर घ्यायचे, आणि जो न् वर संपणारे शीर्षक निवडेल तो बाद होतो, कारण न् ने जपानीत शब्द सुरू होत नाही. एक साखळी पाहू. कोणी 2019 सालचे 'योरु नि काकेरु' म्हटले, रु आला. पुढच्याने 'रुबी नो युबिवा' म्हटले, वा आला. तिसऱ्याने 1983 सालचे 'वाइन रेद्दो नो कोकोरो' म्हटले, रो आला. चौथ्याच्या तोंडावर आधी 'रोबिन्सोन' येते, आणि तेथे तो फसतो, कारण ते न् वर संपते. म्हणून वहीत शीर्षकाच्या पहिल्या अक्षराबरोबर शेवटचे अक्षरही लाल शाईने नोंदवावे. जपानी क्रियापदे रु वर संपण्याचे प्रमाण मोठे असल्याने या डावात रु वारंवार येतो. रु ची निदान दोन गाणी तयार ठेवावीत.

वेळ संपण्याच्या दहा मिनिटे आधी भिंतीवरचा फोन वाजतो आणि कर्मचारी वेळ वाढवायची का असे विचारतात. नाही म्हटल्यानंतर फार तर दोन गाणी बसतात, आणि त्या वेळी यंत्र ज्याच्या हाती असते त्याला विचार करायला क्षणभरही मिळत नाही. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर त्या क्षणासाठी 'उए ओ मुइते आरुको'ची चार अक्षरे सुटी लिहिलेली आहेत: उ, ए, वो, मु. ते गाणे आटोपशीर आहे, सर्वांना येते, आणि त्यात शिट्टी वाजवायची जागा आहे, तेथे शब्द न येणाऱ्यालाही सामील होता येते.